शूबर्टचे मोर आणि एक बंद दार: संगीताच्या अभ्यासात लैंगिकतेच्या प्रश्नाला जागा कशी मिळाली?

२२ फेब्रुवारी १९३०. न्यूयॉर्कमधल्या एका खोलीत काही पुरुष जमले होते. संगीताचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी एक संस्था काढायची, असं त्यांचं ठरत होतं. खोलीचं दार बंद होतं आणि दाराबाहेर होत्या रूथ क्रॉफर्ड, वय वर्षं २८, स्वतः उत्तम संगीतकार. त्यांना आत यायचं होतं, पण बाहेर ठेवलं गेलं. दाराआडून जेवढं ऐकू येईल तेवढं त्या ऐकत राहिल्या.

त्यांना बाहेर ठेवणारे होते चार्ल्स सीगर, म्हणजे त्यांचेच शिक्षक. पुढे दोन वर्षांनी या दोघांनी लग्न केलं. ('हम होंगे कामयाब'चं मूळ इंग्रजी गाणं जगभर पोहोचवणाऱ्यांपैकी एक असलेले पीट सीगर हे चार्ल्स यांचे आधीच्या लग्नातले पुत्र.) बायकांना आत का घेतलं नाही, याचं कारण सीगर यांनी कित्येक वर्षांनी सांगितलं. त्या काळी अमेरिकेत पियानोच्या शिकवण्या घेणं, म्युझिक क्लब चालवणं ही बायकांची कामं समजली जायची. संगीतविद्या, म्हणजेच म्युझिकॉलॉजी, हेही 'बायकी काम' आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून ही काळजी.

म्हणजे या विद्याशाखेने स्त्री-पुरुषाचा प्रश्न अगदी पहिल्याच दिवशी ओळखला होता. उत्तर म्हणून तिने दार लावून घेतलं, आणि मग पुढची कित्येक दशकं असा काही प्रश्न आहे हेच ती विसरून गेली.

याच मंडळींपैकी काहींनी १९३४ मध्ये अमेरिकन म्युझिकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. आज संगीताच्या अभ्यासकांच्या जगातल्या सर्वांत वजनदार संस्थांमध्ये तिची गणना होते. समलिंगी, लेस्बियन, क्वीअर अभ्यासकांचा स्वतःचा गट, त्यांचा पुरस्कार, त्यांची सत्रं हे सगळं आज याच सोसायटीत आहे. हे झालं कसं?

आधी हे समजून घेऊ: अशी सोसायटी करते काय?

बाहेरून पाहिलं तर फार काही नाही. एक नियतकालिक निघतं. दरवर्षी कुठल्या तरी शहरातल्या हॉटेलात काही दिवसांचं अधिवेशन भरतं. अभ्यासक साधारण २० मिनिटांचे निबंध वाचतात आणि प्रश्नोत्तरं होतात. उत्तम पुस्तकांना, लेखांना पुरस्कार दिले जातात.

पण आतून पाहिलं तर हीच त्या धंद्याची पेठ असते. अधिवेशनात कुणाचा निबंध घ्यायचा हे एक समिती ठरवते. नियतकालिकात कुणाचा लेख छापायचा हे संपादक आणि परीक्षक ठरवतात. यादीत नाव आलं तर नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते. नाही आलं तर तो अर्ज तेवढाच रिकामा राहतो. त्यामुळे 'हा विषय संगीतविद्येत बसतो का?' हा प्रश्न चहाच्या टेबलावरचा राहत नाही. एखाद्या तरुण अभ्यासकाच्या पगाराशी तो थेट जोडलेला असतो.

आणि बसत काय होतं? जुनी हस्तलिखितं, त्यांच्या तारखा, कागदावरची जलचिन्हं, बाखच्या एखाद्या रचनेची शुद्ध आवृत्ती. हे काम किचकट असतं आणि मोलाचंही. पण संगीतकार माणूस होता, त्याला शरीर होतं, तो कुणावर तरी प्रेम करत होता, हे प्रश्न चरित्रकारांकडे आणि गावगप्पांकडे ढकलले जायचे. जोसेफ केरमन या नामवंत अभ्यासकाने १९८५ साली पुस्तक लिहून आपल्याच शाखेला टोकलं, की आपण फक्त पुरावे गोळा करतोय, त्यांचा अर्थ लावतच नाही. त्याआधी ९ वर्षं एकाने तसा अर्थ लावून दाखवला होता, आणि तोही केरमन यांच्याच विद्यापीठात शिकवणारा होता.

१९७६: एक कोळी, एक गाव आणि एक निबंध

फिलिप ब्रेट यांचा जन्म १९३७ चा, इंग्लंडमधला. ते कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला शिकवत होते. त्यांची ख्याती होती विल्यम बर्ड या सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराचे अभ्यासक म्हणून. म्हणजे जुन्या पोथ्यांचं, शुद्ध आवृत्त्यांचं पक्कं काम करणारा माणूस. सनातन्यांनाही बोट ठेवता येणार नाही असा. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढे त्यांनी जे केलं ते एखाद्या नवख्याने केलं असतं तर बहुधा कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

१९७६ मध्ये सोसायटीच्या वॉशिंग्टनच्या अधिवेशनात ब्रेट यांनी बेंजामिन ब्रिटन यांच्या 'पीटर ग्राइम्स' या ऑपेरावर निबंध वाचला. १९४५ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या या ऑपेराची गोष्ट अशी: ग्राइम्स हा समुद्रकाठच्या गावातला एकटा, तिरसट कोळी. त्याच्या हाताखालचा पोर समुद्रावर मरतो. गाव संशय घेतं. मग दुसरा पोरही मरतो. गाव त्याच्या मागे लागतं आणि शेवटी ग्राइम्स स्वतःची होडी समुद्रात नेऊन बुडवतो. ग्राइम्सची भूमिका पहिल्यांदा गायली ती पीटर पिअर्स यांनी. ब्रिटन आणि पिअर्स आयुष्यभराचे जोडीदार होते. संगीतक्षेत्रातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण लिहायचं मात्र नव्हतं. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हाच होते.

ब्रेट यांनी 'ब्रिटन समलिंगी होते' एवढंच सांगितलं असतं तर ती नुसती बातमी झाली असती. त्यांनी दाखवलं ते वेगळंच. ऑपेराच्या मध्यावर ग्राइम्स संतापून आपल्या एकमेव हितचिंतक बाईवर हात उगारतो आणि हताश होऊन देवाची करुणा भाकतो. ती ओळ तो ज्या स्वरावलीवर गातो, तीच स्वरावली लगेच गावकऱ्यांच्या तोंडी जाते आणि त्यांच्या कुजबुजीचं गाणं बनते. ब्रेट यांचं म्हणणं असं, की इथे ग्राइम्सने गावाचा निकाल मनातून मान्य केला. ज्याला सगळे वाईट ठरवतात तो एक दिवस स्वतःलाच वाईट मानू लागतो, आणि त्याला मारायला मग वेगळा फाशी देणारा लागत नाही. लपून जगावं लागणाऱ्या माणसाला हे कळायला व्याख्यानाची गरज नसते. पण ब्रेट यांनी ते सुरांतून दाखवलं. पुरावा नोटेशनमध्ये होता.

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटन वारले. निबंध पुढच्या वर्षी छापून आला. आणि त्यानंतर? त्यानंतर बराच काळ शांतता. एक चांगला निबंध वाचला की जग बदलतं, असं अभ्यासकांना वाटतं खरं. इथे तसं काही झालं नाही.

मग बदल कधी झाला? एक खोली मिळाली तेव्हा

१९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला सोसायटीचं अधिवेशन होतं. तिथे समलिंगी आणि लेस्बियन अभ्यासकांचा एक अभ्यासगट स्थापन झाला. आज त्याचं नाव एलजीबीटीक्यू स्टडी ग्रुप आहे. पुढच्याच वर्षी ओकलंडच्या अधिवेशनात 'संगीतकार आणि लैंगिकता' या विषयावर सत्र झालं. १९९१ पासून गटाचं वार्तापत्र निघू लागलं.

वाचायला हे फारच साधं वाटतं. पण अभ्यासगट म्हणजे अधिवेशनाच्या छापील वेळापत्रकात एक ओळ: अमुक खोली, अमुक वाजता. त्या खोलीत गेलं की कळतं, की आपल्यासारखे आणखी लोक आहेत, कुठल्या विद्यापीठात कोण काय शिकवतंय आणि कुणाला मार्गदर्शक म्हणून विचारता येईल. वार्तापत्र म्हणजे त्या खोलीत येऊ न शकणाऱ्याच्या घरी पोहोचलेली यादी: नवी पुस्तकं, नवे लेख, अभ्यासक्रम. ईमेल घरोघरी नसलेल्या काळातली ही गोष्ट आहे.

आणि त्या खोलीच्या दारातून आत शिरणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ज्या अधिवेशनात तुमच्या विभागप्रमुखांपासून उद्याच्या नोकरीच्या परीक्षकांपर्यंत सगळे फिरत असतात, तिथे 'गे आणि लेस्बियन' अशी पाटी असलेल्या खोलीत जाणं म्हणजे सगळ्यांदेखत स्वतःबद्दल काही सांगणं. ज्यांच्या नोकऱ्या पक्क्या होत्या त्यांनी आधी जाऊन बसणं म्हणूनच गरजेचं होतं. ब्रेट यांच्यासारख्यांनी नेमकं ते केलं.

याच सुमारास स्त्रीवादी अभ्यासकांचीही वाट रुंदावत होती. सोसायटीत स्त्रियांच्या स्थितीचा विचार करणारी समिती त्याआधीपासून होती. १९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 'फेमिनिस्ट थिअरी अँड म्युझिक' ही परिषद पहिल्यांदा भरली. ती पुढे दर दोन वर्षांनी भरत राहिली. सोसायटीच्या बाहेर उभं राहिलेलं हे दुसरं व्यासपीठ. आत जागा मिळत नसेल तर बाहेर मांडव घालायचा, म्हणजे आतल्यांनाही यावंच लागतं.

'बायकी शेवट' म्हणजे काय रे भाऊ?

१९९१ हेच साल आणखी एका पुस्तकासाठी लक्षात ठेवलं जातं. सुझन मॅकक्लॅरी यांचं 'फेमिनिन एंडिंग्ज'. शीर्षकातला शब्द त्यांनी बनवलेला नाही. पाश्चात्त्य संगीताच्या प्रमाण कोशातच तो होता. एखादं वाक्य जोरकस मात्रेवर संपलं तर ते 'पुरुषी' आणि नेहमीचं. जोरकस मात्रा उलटून जाऊन हलक्या मात्रेवर संपलं तर 'बायकी'. आपल्या भाषेत ढोबळमानाने सांगायचं तर सम गाठून थांबला तो पुरुष, सम ओलांडून घुटमळली ती बाई. त्याआधी १८४५ मध्ये ए. बी. मार्क्स या जर्मन संगीतशास्त्रज्ञाने सोनाटाच्या पहिल्या, ठसकेबाज विषयाला 'पुरुषी' आणि दुसऱ्या, मऊ विषयाला 'बायकी' म्हटलं होतं. विद्यार्थी हे शब्द पिढ्यान् पिढ्या पाठ करत होते. संगीताला लिंग नसतं असं म्हणणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकात ते आधीपासून छापलेलं होतं, मॅकक्लॅरी यांनी फक्त मोठ्याने वाचून दाखवलं.

बिझेच्या 'कार्मेन' या १८७५ च्या ऑपेराचं त्यांचं विश्लेषण आजही शिकवण्यासारखं आहे. कार्मेनचं प्रसिद्ध गाणं सप्तकातल्या बाराही सुरांच्या पायऱ्यांवरून घसरत खाली येतं. कुठे थांबेल याचा नेम नाही. गावाकडची साधी सालस मिकेला मात्र नीट, सरळ सुरांत गाते. ऐकणाऱ्याचा कान नकळत तयार होतो, की ही घसरण कुठे तरी थांबली पाहिजे, ठाम सूर लागला पाहिजे. तो लागतो तेव्हा कार्मेनचा खून झालेला असतो. मॅकक्लॅरी म्हणतात, आपल्याला तिचा शेवट हवाहवासा वाटावा अशी व्यवस्था त्या संगीतातच आहे.

यावर गदारोळ झाला. त्याआधी १९८७ मध्ये एका वार्तापत्रात मॅकक्लॅरी यांनी बीथोवनच्या नवव्या सिंफनीतल्या एका जागेला बलात्काऱ्याच्या संतापाची उपमा दिली होती. पुस्तकात ती बरीच सौम्य केली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती पहिलीच. आजही त्यांचं नाव निघालं की पुस्तक न वाचलेले लोक तेवढं एक वाक्य सांगतात. सोशल मीडिया नसतानाही हे व्हायचं, हे जरा दिलासादायक म्हणायचं की भीतीदायक?

टीका सगळीच उथळ नव्हती. पीटर व्हॅन डेन टूर्न यांनी १९९१ मध्येच संगीतविद्येच्या एका नियतकालिकात सविस्तर आक्षेप घेतले: सुरांच्या ताणाला आणि सुटकेला लैंगिक अर्थ चिकटवला की संगीत संगीत म्हणून ऐकणंच संपतं. रूथ सोली यांनी त्याच नियतकालिकात त्यांना उत्तर दिलं. म्हणजे भांडण गल्लीत न राहता छापील पानावर, दोन्ही बाजूंच्या नावासह झालं. एखादा विषय विद्याशाखेत आला याची हीच खूण असते. ज्याची दखलच घ्यायची नाही त्याच्याशी कुणी भांडत नाही. मॅकक्लॅरी यांना १९९५ मध्ये प्रतिष्ठेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

आणि आता ते मोर

या काळातला सर्वांत गाजलेला वाद मात्र एका पक्ष्यावरून झाला.

ऑगस्ट १८२६. व्हिएन्नात शूबर्टचा मित्र बाउअर्नफेल्ड आपल्या रोजनिशीत लिहितो, की शूबर्टची तब्येत जरा बिघडली आहे आणि त्याला बेनवेनुतो चेलिनीसारखे 'तरुण मोर' हवे आहेत. चेलिनी हा सोळाव्या शतकातला इटालियन सोनार आणि शिल्पकार. त्याच्या आत्मचरित्रात आजारपणात मोरांची शिकार केल्याची गोष्ट आहे.

मेनार्ड सॉलोमन यांनी १९८९ मध्ये एका लेखात म्हटलं, की हे मोर म्हणजे तरुण मुलं. चेलिनीच्या लिखाणातही तो सांकेतिक शब्द आहे आणि शूबर्टच्या मित्रमंडळात पुरुषांमधल्या प्रेमाची एक गुप्त भाषा होती. (सॉलोमन प्राध्यापक नव्हते, भावाबरोबर व्हॅनगार्ड ही रेकॉर्ड कंपनी चालवायचे. पण बीथोवनचं त्यांनी लिहिलेलं चरित्र प्राध्यापक वाचायचे.)

रिटा स्टेब्लिन यांनी १९९३ मध्ये प्रत्युत्तर दिलं: मोर म्हणजे मोरच. आजाऱ्याला पौष्टिक म्हणून पक्ष्याचं मांस. शूबर्टने लग्न केलं नाही याचं कारणही त्यांनी साधं दिलं. १८१५ च्या ऑस्ट्रियन नियमांनुसार तुटपुंज्या कमाईच्या माणसाला लग्नासाठी परवानगी मिळवावी लागायची, आणि शूबर्टकडे दाखवायला कमाई होतीच कुठे? ज्या नियतकालिकात सॉलोमन यांचा लेख आला होता, त्याने १९९३ मध्ये शूबर्ट, संगीत आणि लैंगिकता यांवर अख्खा अंकच काढला.

कोण बरोबर? रोजनिशीतल्या एका ओळीवर एवढा मोठा इमला उभा राहत नाही, हे स्टेब्लिन यांचं म्हणणं वजनदार आहे. पण या वादात दुसरीच एक गोष्ट उघडी पडली. शूबर्ट स्त्रियांकडे आकर्षित होता असं दीडशे वर्षं गृहीत धरलं गेलं, त्याला कुणी पुरावा मागितला नव्हता. पुरावा लागतो तो फक्त उलट म्हणणाऱ्याला. हाच खरा मुद्दा होता आणि तो मोरांच्या पिसाऱ्याआड बऱ्याचदा झाकला गेला.

मॅकक्लॅरी यांनी मोरांना बाजूला ठेवून शूबर्टच्या 'अपूर्ण' सिंफनीच्या दुसऱ्या भागाकडे पाहिलं. बीथोवनचं संगीत एखाद्या ध्येयाकडे धडका मारत जातं. शूबर्टचं तसं जात नाही. ते रेंगाळतं, एका सुरावटीतून दुसरीत वाहत जातं. लोक याला कमकुवतपणा म्हणत आले. मॅकक्लॅरी म्हणाल्या, ही पुरुष असण्याची दुसरी तऱ्हा असू शकते. शूबर्ट कुणाबरोबर झोपत होता हे यात सिद्ध करावं लागत नाही. बीथोवनच्या फूटपट्टीने सगळ्यांना मोजायचं का, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो निखळ संगीताचा आहे.

१९९४ मध्ये ब्रेट, एलिझाबेथ वुड आणि गॅरी थॉमस यांनी संपादित केलेला 'क्वीअरिंग द पिच' हा लेखसंग्रह आला. शूबर्टवरचा मॅकक्लॅरी यांचा हा लेख त्यातच आहे.

पुरस्कार, कोश आणि शब्दांचा क्रम

१९९६ मध्ये अभ्यासगटाने ब्रेट यांच्या सन्मानार्थ निधी उभा केला आणि फिलिप ब्रेट पुरस्कार सुरू झाला, समलिंगी, द्विलिंगी, ट्रान्सजेंडर विषयांवरच्या उत्तम संगीत-संशोधनासाठी. ब्रेट तेव्हा हयात होते. ते २००२ मध्ये गेले. पुरस्काराचा उपयोग फक्त सन्मानापुरता नसतो. नोकरीच्या मुलाखतीत 'हे कसलं संशोधन?' असं विचारणाऱ्याला दाखवायला उमेदवाराकडे सोसायटीच्याच नावाचा कागद येतो.

२००१ मध्ये एलेन हॅरिस यांनी हँडेलच्या इटालियन कँटाटांवर पुस्तक लिहिलं. ज्या आश्रयदात्यांच्या घरी त्या गायल्या जात, तिथल्या पुरुषांमधल्या आकर्षणाचा संदर्भ त्यांनी उलगडला. या पुस्तकाला मिळाला तो सोसायटीचा ऑटो किंकेल्डी पुरस्कार, म्हणजे मुख्य पंगतीतलं ताट. हॅरिस आणि लेस्बियन अनुभवातून संगीताकडे पाहण्यावर लिहिणाऱ्या सुझॅन क्युसिक या दोघीही नंतर सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. क्रॉफर्ड यांना दाराबाहेर ठेवल्याची हकिगत उकरून काढून तिचा अर्थ लावणाऱ्याही क्युसिकच.

पण सगळं सुरळीत झालं असं समजायचं कारण नाही. २००१ मध्येच ग्रोव्ह या संगीताच्या जगन्मान्य कोशाची २९ खंडांची नवी आवृत्ती आली. तीत ब्रेट आणि वुड यांनी लिहिलेली नोंद होती. त्यांनी शीर्षक दिलं होतं 'लेस्बियन अँड गे म्युझिक'. छापून आलं 'गे अँड लेस्बियन म्युझिक', आणि मजकुराला बरीच कात्री लागलेली. लेखकांनी मग पूर्ण मजकूर दुसरीकडे प्रसिद्ध केला. शब्दांचा क्रम बदलला तर एवढं काय, असं वाटू शकतं. पण लेस्बियन स्त्रिया पुरुषांच्या मागे झाकल्या जातात, हेच तर त्या नोंदीत सांगायचं होतं.

या चळवळीवरचा आणखी एक आक्षेप आजही पुरता मिटलेला नाही. सुरुवातीची चर्चा मुख्यतः युरोपातल्या गोऱ्या, मेलेल्या, आधीच महान ठरलेल्या संगीतकारांभोवती फिरली. शूबर्ट समलिंगी होता का, हँडेल होता का? देव्हारा तोच राहिला, फक्त आतल्या मूर्तींकडे नव्याने पाहिलं गेलं. वंश, वर्ग आणि वसाहतींचे प्रश्न या गटांच्या पटावर सावकाश आले.

यात महाराष्ट्र आणि गोवा कुठे येतात?

थेट येतात, आणि तेही याच काळात. जगभरच्या संगीतपरंपरांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला एथ्नोम्युझिकॉलॉजी म्हणतात. जेनिफर पोस्ट यांनी १९८२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात पीएचडी केली. विषय होता १८८० ते १९४० या काळातल्या हिंदुस्थानी संगीतातल्या मराठी आणि कोंकणी भाषक स्त्रिया. १९८७ मध्ये एलेन कॉस्कॉफ यांनी संपादित केलेल्या, या क्षेत्रात मैलाचा दगड मानल्या गेलेल्या स्त्रिया आणि संगीतावरच्या पुस्तकात पोस्ट यांचा भारतीय व्यावसायिक गायिकांवरचा लेख आहे.

आपल्याकडे हा प्रश्न 'शूबर्ट कोण होता' असा नाही. तो असा आहे: ज्या बायकांनी हे संगीत सांभाळलं, त्यांच्या शरीराबद्दल समाजाने जो निकाल दिला, त्याचं संगीताच्या इतिहासात काय झालं? केसरबाई केरकर यांचा जन्म गोव्यातल्या केरीचा, कलावंत समाजातला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांचं गाणं आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगीत 'सभ्य घरात' नेण्याची जी मोठी मोहीम झाली, तिच्यात अशाच घराण्यांतल्या स्त्रियांच्या जगण्याकडे 'शुद्धीकरण' करण्याजोगी गोष्ट म्हणून पाहिलं गेलं. जानकी बखले यांनी २००५ मध्ये भातखंडे आणि पलुसकर यांच्यावरच्या पुस्तकात या मोहिमेची चिकित्सा केली. स्वातंत्र्याच्या सुमारास ऑल इंडिया रेडिओनेही गायिकांचं 'खासगी आयुष्य' ही गाण्याला परवानगी देण्या-न देण्याची कसोटी बनवली होती. गायकांना तोच प्रश्न तेवढ्याच आवेशाने कुणी विचारला नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. हे काम आपल्याकडे केलं कुणी? लावणी कलावंतांच्या श्रमावर, जातीवर आणि लैंगिकतेवर पुण्यातल्या शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये निबंध लिहिला. त्या समाजशास्त्रज्ञ होत्या आणि निबंध आला समाजशास्त्राच्या नियतकालिकात. बखले इतिहासकार. मराठी, गुजराती आणि पारशी रंगभूमीवर पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिकांवर लिहिणाऱ्या कॅथरिन हॅन्सन नाट्यइतिहासाच्या अभ्यासक. बालगंधर्वांची गायकी, त्यांच्या ताना, त्यांची नाट्यपदं यांवर मराठीत भरभरून लिहिलं गेलंय. पण एक पुरुष बाई म्हणून गातो आणि अख्खा महाराष्ट्र त्याच्या शालूच्या काठांपर्यंत वेडा होतो, तेव्हा 'बाईचा आवाज' म्हणजे नेमकं काय ठरतं? हा प्रश्न आपल्या संगीत परिषदांच्या पत्रिकांवर अजून तुरळकच दिसतो.

याचं एक कारण अमेरिकेच्या गोष्टीतच आहे. विद्यार्थ्याला प्रश्न पडत नाहीत असं नाही. पण तो विचारायला वेळापत्रकात एक ओळ लागते. प्रबंधाचा विषय म्हणून तो मान्य करणारा मार्गदर्शक लागतो आणि त्या मार्गदर्शकाला धाप न लागता पाठीशी उभा राहील असा विभाग लागतो. कलम ३७७ मधून प्रौढांमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले. न्यायालयाने भीती कमी केली, पण खोली आणि वेळ परिषदांनाच द्यावी लागते.

कागदपत्रं नाहीत, ही सबब तर अजिबात चालण्यासारखी नाही. २०२३ मध्ये अंजली अरोंदेकर यांचं 'अबंडन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. गोमंतक मराठा समाज, म्हणजे ज्या समाजातून केसरबाईंसारख्या गायिका आल्या त्या समाजाच्या संस्थेच्या दप्तरावर ते आधारलेलं आहे. लैंगिकतेचा इतिहास शोधणारे नेहमी 'पुरावे नष्ट झाले, पुसले गेले' असं म्हणतात. अरोंदेकर यांना उलट सापडलं. या समाजाने स्वतःच स्वतःबद्दल भरपूर लिहून, छापून, जपून ठेवलंय. 'समाज सुधारक' नावाचं नियतकालिकच त्यांनी चालवलं. मुंबईत आणि गोव्यात हे दप्तर आहे, आणि त्यातला बराच मजकूर मराठीत आहे.